गाळणीचं वाण

११ जानेवारी, शनिवार

गाळण्या आल्या. खोकंभर. चहाच्या, प्लास्टिकच्या, लाल-पिवळ्या-हिरव्या. कुरिअरवाला म्हणाला, कॅफे उघडताय का? म्हटलं, नाही, नाटक. त्याने खोक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, सही घेतली आणि निघाला.

नाटकाचं नाव 'वाण'. एकटीचं. मीच लिहिलंय, मीच करणार, हॅरोत एका पबच्या वरच्या मजल्यावरच्या चिमुकल्या थिएटरमध्ये. प्रेक्षक गोलात बसणार, मी यजमानीण. शेवटी सगळ्यांना ह.कुं., म्हणजे हळदीकुंकू. सवाष्ण, विधवा, बिनलग्नाची, लेस्बियन, पुरुष, जो बसेल त्याला. आणि वाण म्हणून एकेक गाळणी. आईची वाणं अशीच असायची. गाळण्या, कंगवे, साबणाच्या डब्या.

खोकं ठेवायला फ्लॅटमध्ये जागा नव्हती. जॉयच्या कपाटात ठेवलं. ती गेल्यापासून ते रिकामंच असतं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आईकडे स्टॅनमोरला. आम्ही दोघीच आणि गुळाच्या पोळ्यांची ही चळत. डॅडी होता तोवर पुरायच्या नाहीत. त्याला जाऊन दोन वर्षं होत आली तरी तिच्या हाताला ते कळलेलं नाही.

"तिळगूळ घे, गोड बोल. तुला जमेल तेवढं."

नाटकाचं सांगितलं. रथसप्तमीपर्यंत आहे, ये.

"कशावर आहे?"

"हळदीकुंकवावर."

"मग मी काय करू तिथे? मला चालत नाही आता."

"मला चालतं."

"तुला काहीही चालतं."

पोळी खाल्ली. तूप जास्त घातलं होतं, माझ्यासाठी.

इथे तरी खोटं कशाला लिहू. समीक्षक येवोत न येवोत, आईने यावं. माझ्यासमोर खुर्चीत बसावं. ह्या नाटकाकडून मला एवढंच हवंय.

१८ जानेवारी, शनिवार

आमच्या मराठी मंडळाचं ह.कुं., शाळेच्या हॉलमध्ये. आईला मी गाडीने नेलं. हॉलमध्ये शिरले की अजूनही दोन-चार माना वळतात. डॅडी बार्बाडोसचा. मी त्याच्या रंगाची, त्याच्या केसांची. नवीन आलेल्या मुली माझ्याशी इंग्लिशमध्ये सुरू होतात, मी मराठीत उत्तर दिलं की "अय्या!" आई-डॅडीच्या हॉस्पिटलच्या ड्यूट्या होत्या म्हणून लहानपणी काही वर्षं मी नाशिकला मावशीकडे वाढले, हे पूर्वी समजावून सांगायचे. आता अय्याला हसते आणि पुढे सरकते.

ह.कुं. सुरू व्हायच्या जरा आधी शैलाकाकू आईजवळ आल्या. मंडळाचं पान त्यांच्याशिवाय हलत नाही. अगदी प्रेमाने म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही जरा कॉफीचं बघता का? मुलींना तो अर्न हँडल होत नाही हो."

आई लगेच उठली. जन्मभर ह्या बाईने लोकांना भूल दिली आणि धडधाकट जागं केलं. आता हॉलकडे पाठ करून, कॉफीच्या त्या नळवाल्या पिंपापाशी, कप विसळत होती. कप स्वच्छ होते. पूर्वी त्या किचनमध्ये डॅडी असायचा, बाकीच्या नवऱ्यांबरोबर, कॉफी ढवळत आणि जोक मारत. त्याला तिथे मजा यायची. आईला येत नव्हती, ते पाठीवरून कळत होतं.

परत येताना माझ्या जिभेला हाड राहिलं नाही. म्हटलं, "वगळल्यावर कसं वाटतं कळलं ना? जॉयला दर संक्रांतीला असंच वाटायचं."

आम्ही दोघी एकत्र राहत होतो तेवढी सगळी वर्षं जॉय संक्रांतीला माझ्याबरोबर आईकडे यायची. चांगले कपडे घालून. आई सगळ्यांना कुंकू लावायची, शेजारच्या गोऱ्या आजीबाईंनासुद्धा. जॉयपाशी आली की करंडा बंद. नुसता तिळगूळ. मी तेव्हाही भांडले होते. "ती आपल्यातली नाही." "डॅडी तरी कुठे आपल्यातला होता?" त्यावर आई तिळगुळाचा डबा घेऊन आत गेली होती.

आज आई घर आल्यावर उतरली, दार हळू लावलं. "सावकाश जा."

२१ जानेवारी, मंगळवार

आई फोन घेत नाही. मेसेज केला, औषधं संपलीत का, येताना आणू? उत्तर: "नोटेड." डॉक्टर माणसाचा राग असा असतो.

तालमीत दिवसभर रिकाम्या खुर्च्यांशी बोलले. यजमानीण म्हणून प्रत्येकीचं स्वागत: या ना, बसा, उशीर केलात. संध्याकाळी घरी आले, किल्ली लावली आणि तोंडातून निघालं, "या ना, बसा." स्वतःचीच लाज वाटली. टीव्ही लावला.

२४ जानेवारी, शुक्रवार

अर्नचा प्रवेश लिहिला. एका बैठकीत, आतून उकळून आल्यासारखा. एक बाई, हॉलकडे पाठ, स्वच्छ कप विसळतेय. पाठीमागे हसणं, बांगड्या. बोलणं काहीच नाही.

मॉरीनला करून दाखवला. मॉ. म्हणजे थिएटरमधली लाइट, साउंड, तिकिटं, सगळंच. बघून म्हणाली, "हा ठेव. बाकी काहीही काप, हा ठेव."

"माझी आई आहे ती."

"तिला विचारलंस?"

विचारायला ती फोन तर घेऊ दे.

२९ जानेवारी, बुधवार

पहिला प्रयोग झाला. निम्म्या खुर्च्या भरल्या. अर्नच्या वेळी कोणी खोकलंसुद्धा नाही. मग करंडा घेऊन फिरले. हा करंडा आईचाच, डॅडी गेल्यावर तिने मला देऊन टाकला. "मला काय करायचाय आता." चांदीचा, झाकण जरा सैल.

लोक कपाळ पुढे करतात तेव्हा डोळे मिटतात. कोणी सांगितलेलं नसतं. एका दाढीवाल्या तरुणाच्या डोळ्यांत पाणी आलं, का ते त्यालाही कळलं नसावं. गाळण्या बघून मात्र सगळे हसले.

एक खुर्ची मी रोज राखून ठेवणार आहे. दाराजवळची. मॉ.ने तिच्यावर 'राखीव' असा कागद चिकटवला. ती रिकामी राहिली.

३१ जानेवारी, शुक्रवार

परीक्षण आलं. एका वेबसाइटवर. प्रयोग 'ऊबदार' आहे, पण एका ब्लॅक कलावतीने दुसऱ्यांच्या संस्कृतीतला विधी असा उसना घ्यावा का, ह्याचा विचार व्हायला हवा.

उसना! माझ्या आईच्या करंड्यातलं कुंकू मी उसनं आणलं म्हणे. मोठमोठ्याने हसले, मग हसू थांबलं. हे वाचून दाखवायला घरात कोणी नव्हतं. जॉय असती तर तिने भिंतीवर फ्रेम करून लावलं असतं. तिला पाठवावंसं वाटलं. नाही पाठवलं. ती कार्डिफला असते आता, आणि तिथे कोणीतरी आहे म्हणे. असो. चांगलं आहे.

प्रयोगानंतर मॉ. खुर्च्या रचत होती. कपाळावर माझं कुंकू, रोज लावून घेते. म्हणाली, "आणि तुला कोण लावतं?"

खरं तर रीतच आहे. मी तुला लावलं की तू मला लावायचं, यजमानणीचं कपाळ कोरं ठेवायचं नसतं. ह्या लोकांना कसं ठाऊक असणार? मी एवढ्यांना लावते आणि रोज कोऱ्या कपाळाने मेट्रोपॉलिटन लाइनची ट्रेन पकडते.

मॉ.ला म्हटलं, "यजमानणीला नसतं." तिने लावलं असतं, आनंदाने. पण मला तिच्याकडून नको होतं.

२ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. पाऊस. डॅडीच्या चर्चवरून बसने गेले. बायका छत्र्या सावरत बाहेर पडत होत्या, टोप्या घातलेल्या, ठसक्यात. मी जॉयबद्दल सांगितल्यापासून त्यांना मी 'प्रेयर'मध्ये आठवते, एरवी नाही. एकीकडे हॉल, एकीकडे चर्च. दोन्हीकडे मी लहानपणी गाणी म्हटली आहेत. नाटकवाल्यांचं तिसरंच. ब्लॅक नाटकांच्या महोत्सवाला मी जास्त इंडियन आणि एशियन महोत्सवाला जास्त ब्लॅक.

एकटीसाठी वरणभात लावला. कंटाळा आला म्हणून लिहीत नाही, फार एकटं वाटतंय म्हणून लिहितेय.

आईला मेसेज: "मंगळवारी शेवटचा प्रयोग. दाराजवळची खुर्ची तुझी आहे. अर्नचा एक प्रवेश आहे, तुझ्यावरून. तुला आधी सांगायला हवं म्हणून सांगते."

उत्तर नाही. नोटेडसुद्धा नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रथसप्तमी.

सुरू झालं तेव्हा खुर्ची रिकामी. मनात म्हटलं, संपलं. अर्नचा प्रवेश आला, पाठ केली, कप घेतला. मागे दार करकरलं. मॉ.ची कुजबुज, पर्सची चेन. ती चेन मी कुठेही ओळखीन. वळायची सोय नव्हती. पाठीला आई बघतेय आणि मी आई होऊन कप विसळतेय. कप पडला नाही, नशीब.

मग करंडा. एकेक कपाळ करत दाराजवळ आले. आई कोट न काढता बसलेली, कोटाला बसमधला ओलावा. मी हळदीचं बोट पुढे केलं. तिने मान मागे घेतली.

लोकांना वाटलं हे नाटकातलंच.

"नाही, रेवू. मला नको." सावकाश, मराठीत. मग माझ्या हातातून करंडा घेतला. "बस."

मी तिथेच जमिनीवर बसले. तिने पर्समधून चष्मा काढला, लावला, माझ्या कपाळावरचे केस मागे केले. आधी हळद, मग कुंकू. आईचा हात कधी थरथरत नाही, आजही नाही थरथरला. मी मात्र रडले. सगळ्यांसमोर, नाक गळेपर्यंत. यजमानणीने असं रडायचं नसतं.

झाकण लावताना ती हळूच म्हणाली, "झाकण सैल आहे, जपून वापर." आणि मग, "कप मी असे धरत नाही. कान धरून धरते."

गाळण्या वाटताना तिने दोन उचलल्या. एक लाल, एक हिरवी.

"दुसरी कोणाला?"

"जॉयला. तिचं राहिलंय."

"ती टी-बॅगवाला चहा पिते, आई."

"शिकेल."

आज गाडी आणली होती, तिला घरी सोडलं. घरी येऊन चेहरा धुतला नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सेट आवरला. मॉ.ने खुर्चीवरचा कागद ठेवून घेतला. उरलेल्या गाळण्या पुन्हा जॉयच्या कपाटात.

शैलाकाकूंचा आईला फोन आला होता म्हणे, कोणीतरी त्यांना अर्नच्या प्रवेशाचं सांगितलंय. "मग तू काय म्हणालीस?" "म्हटलं, पुढच्या वर्षी अर्न दुसऱ्या कोणाला तरी द्या." आणि विषय बदलला. आई स्वतः कुंकू लावून घेईल का कधी, हे मी विचारलं नाही. विचारलं तर नाही म्हणेल.

१० फेब्रुवारी, सोमवार

आईने गाळणी बबलरॅपमध्ये गुंडाळलीय. सोबत तिळगुळाची पुडी, आणि चिमूटभर कुंकू कागदात बांधून. फोटो पाठवला. खाली: "पत्ता पाठव. नवीन."

फोन केला. म्हटलं, "आई, ती आता..."

"माहितीय गं, रागावून गेली. रागावलेली माणसं येतात परत. मी नाही का आले?"

तिला सांगायला हवं होतं. कार्डिफचं, त्या कोणीतरीचं. एवढ्या वर्षांनी उघडलेला करंडा, आणि मी सांगू उशीर झाला? आणि जॉयला काय वाटेल, त्या घरात, पाकीट फोडल्यावर? हसेल? तिच्या समोर कोण बसलेलं असेल तेव्हा?

आईचा पुन्हा मेसेज: "पोस्ट ऑफिस साडेपाचला बंद होतं."

पत्ता टाइप केलाय. घर नंबर, रस्ता, कार्डिफ. पोस्टकोड तेवढा राहिलाय. तो मला पाठ आहे.