पाच मिनिटं

यवतमाळ,
८ जानेवारी २०२५

प्रिय गुलनार,
नजीरभाईचा सलाम आणि दुवा. उमरखेडला थंडी कशी आहे? इथे माझ्या गुडघ्यांनी संप केलाय. तुला दोनदा फोन लावला आणि तब्येत विचारून ठेवून दिला. म्हणून हे पत्र.

काल छोट्या गाडीच्या स्टेशनाकडे गेलो होतो. स्टेशन म्हणावं असं तिथे काही उरलं नाही. फलाटाचे दगडही कोणी तरी नेले. रूळ जिथे संपायचे, कापसाच्या गाठी रचलेल्या असायच्या, तिथे आता मोटारी धुतात. धुणाऱ्याला म्हटलं, मी इथला गार्ड. तो म्हणाला, काका, बाजूला व्हा, पाणी उडेल.

गार्ड कसला, तिकीट मीच द्यायचो, फाटकही मीच लावायचो. आणि कोणाचाही निरोप आला की गाडी थांबवायचो. मानीबाईची शेळी डब्यात चढेना म्हणून वीस मिनिटं थांबलो होतो. साऱ्या गावाला ती सवयच लागली, वेळेवर कोणी यायचं नाही. तूही नाही.

अब्बा दारव्ह्याला वारले त्या दिवशी पुलावरून पाणी होतं, एस.टी. बंद. दफन दुपार उलटल्यावर, असरच्या नमाजनंतर. तू तेव्हा इथेच सासरी होतीस; दिवसाची एकच गाडी, माझी, ती तुझी चुकली. नंतर मी शपथेवर सांगितलं, की तुझ्या दिराने, आमिरने, निरोप दिलाच नाही. तेव्हापासून तू त्याच्या घरची पायरी चढली नाहीस.

गुलनार, निरोप आला होता. आमिर सायकलवर धापा टाकत आला. म्हणाला, "भाईजान, भाभी येऊन राह्यली. पाच मिनिटं थांबवा."

मी हिरवा झेंडा दाखवला. आपला खांदा द्यायचा राहील, या भीतीने. दारव्ह्याला पोचलो तर जनाजा निघायला दीड तास होता. दीड तास मी अब्बांचा चेहरा पाहत बसलो. तुला तो दिसला नाही. फार लाज वाटते.

पुढच्या रविवारी आमिरच्या मुलीचा, अतियाचा निकाह आहे. तू पत्रिका परत पाठवलीस म्हणे. इतक्या वर्षांत त्याने मला एकदाही जाब विचारला नाही. तेच आता सोसत नाही, मी थकलोय.

तू ये. यवतमाळला उतरलीस की माझ्याकडे नको, आधी त्याच्याकडे जा.

तुझ्यासाठी न थांबलेला,
नजीर