पहिली ऑफर

१० ऑगस्ट, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठे मॅनेजर सगळं लिहून ठेवतात म्हणे.

मागच्या सीझनला आमच्या 'गुरुजी लीग'मध्ये दहापैकी नववा आलो, तो निव्वळ नशिबामुळे. लीगमध्ये सगळे जिल्हा परिषदेचे शिक्षक. फुटबॉलचे खेळाडू खरे, इंग्लंडातले; टीम आपली, मोबाईलवरची. एक खेळाडू एकाच गुरुजीकडे. त्याने तिकडे गोल मारला की इकडे पॉइंट आपल्याला. दुसऱ्याकडचा खेळाडू हवा असेल तर ट्रेड करायचा. पैशाचा संबंध नाही, फक्त इज्जतीचा.

यंदा पहिल्या तिनात. संकल्प पक्का.

सायंकाळी निकिताचा फोन. ती कर्जतकडच्या शाळेत, मी नगरजवळ केडगावात खोली करून. चार वर्षं झाली. राजनंदिनी यंदा पहिलीला, आईच्याच शाळेत. निकिता म्हणाली, बदल्यांचं पोर्टल उघडतंय, अहो, या खेपेला मनावर घ्या, पुन्हा कधी बदल्या व्हतील काय नेम न्हाई. घेतलं, म्हटलं. बोलता बोलता गोलकीपर फायनल केला.

१३ ऑगस्ट
ट्रेडिंगचं मर्म सापडलं. पहिली ऑफर कधीच खरी द्यायची नाही. अवाच्या सवा मागायचं. समोरचा नाही म्हणतो, मग घासाघीस, आणि मग खिशातून खरी ऑफर काढायची. सोमवारच्या बाजारात कोथिंबीर घेणाऱ्या बाईला हे कळतं, आमच्या लीगमध्ये कुणाला कळत नाही.

शाळेच्या पत्र्यावर टिटवी येऊन बसली आणि दुपारभर ओरडली. विजयमाला मॅडम, आमच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या, हे काय चांगलं न्हाई. मी म्हटलं, मॅडम, विज्ञान शिकवतो आपण. त्या माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या.

१७ ऑगस्ट
पहिल्या आठवड्यात आठवा. म्हणजे प्रगती.

मधली फळी मात्र कच्ची. कानिफनाथ सरांकडे एक मिडफिल्डर आहे. नाव जिभेला झेपत नाही म्हणून आम्ही त्याला डावऱ्या म्हणतो. तो मिळाला तर टीम पुरी. कानिफनाथ माझ्याच शाळेत, तिसरीचा वर्ग. गडी सरळ, त्यामुळे ट्रेडला सोपा.

१९ ऑगस्ट
निकिताने एक गुपित सांगितलं. तिच्याच शाळेतली तिसरी-चौथीची जागा रिकामी होतेय. पोर्टलवरच्या यादीत ती वस्तीच्या नावाने खाली कुठेतरी पडलीय, कुणाच्या ध्यानात यायची नाही. म्हणाली, ही एक नंबरला टाका, बाकी खाली काय बी टाका, आन कुनाजवळ बोलू नका. दोनदा म्हणवून घेतलं माझ्याकडून. लहान पोरासारखं. मी काय बोलघेवडा आहे?

राजनंदिनीने चित्र काढलंय, 'माझे कुटुंब'. निकिताने फोटो पाठवला. आई, राजनंदिनी, शेळी, आणि कोपऱ्यात एका काळ्या चौकोनात मी. व्हिडिओ कॉलवर बघते ना पोरगी. फ्रेम केलंय मला. बरं वाटलं.

२१ ऑगस्ट
शाळेत एक अनोळखी गृहस्थ. शर्ट इस्त्रीचा, हातात पिशवी. व्हरांड्यातून माझा वर्ग बघत उभे. आत आले, फळा बघितला, माझ्या खुर्चीवर हात ठेवून ती हलते का पाहिलं. विचारलं, पाणी कधी येतं इथं? मी म्हटलं, कोण आपण? म्हणाले, असंच. आणि गेले.

वेडसर असावेत. बिचारे.

२३ ऑगस्ट
डावऱ्या माझा. आयुष्यातला सर्वोत्तम ट्रेड.

आधी दोन डिफेंडर दिले, कानिफनाथ नाही म्हणाले. वर एक स्ट्रायकर ठेवला, तरी नाही. म्हणाले, सर, डोकं जाग्यावर न्हाई, म्हातारी कर्जतला एकटी हाय, पोर्टलवर कुठली शाळा टाकावी तेच सुधरंना. समोरच्याची गरज ओळखणं हीच तर कला. मी वस्तीवरची ती जागा सांगून टाकली.

त्यांनी मोबाईल खाली ठेवला. मग म्हणाले, वहिनींचीच शाळा ना ती? टाका की, म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा, तुमी न्हाई का टाकणार? मी हसलो. जागा तुम्ही एक नंबरला टाकणार, म्हणजे ती पहिली ऑफर झाली. पहिली ऑफर कधी मंजूर होते का? तिसऱ्यांदा विचारलं, खरंच टाकू का सर? आता मी वैतागलो. पसंतीक्रम म्हणजे काही सातबारा नाही, म्हटलं.

दहा मिनिटांत ट्रेड मंजूर. मी वर्गात पोरांना खाऊ वाटला.

२६ ऑगस्ट
पोर्टल भरलं. निकिताने सांगितलेली शाळा टाकली नाही. टाकायची का? आपली निकड दिसली की समोरचा ताणतो. मी नगरच्या भोवतालच्या हमरस्त्यावरच्या पाच शाळा टाकल्या. सगळ्या मोठ्या, तिथून कुणी हलत नाही. बाकीचे रकाने कोरे. आता पोर्टल म्हणेल, नाही जमत. मग दुसऱ्या फेरीत मी हळूच कर्जत काढणार.

'सबमिट केल्यावर बदल होणार नाही' असं लाल अक्षरात होतं. कानिफनाथही ट्रेड पाठवताना 'फायनल' लिहितात. खाली एक चौकोन होता, 'पसंतीची शाळा न मिळाल्यास प्रशासन देईल ती मान्य'. टिक केली. टिक केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, ऍपमध्येही तसंच असतं.

निकिताला सांगितलं, भरलं. तिने विचारलं, येक नंबरला टाकली ना? मी म्हटलं, तू निश्चिंत राहा. हे खोटं नाही. निश्चिंतच राहा म्हटलं.

ती इतकी मोकळी हसली, कितीतरी दिवसांनी. म्हणाली, राजनंदिनीला सांगते मग. मी नको म्हणायच्या आत फोन पोरीकडे गेलेला. पप्पा, तुमी आमच्या शाळेत येनार? येणार, म्हटलं.

३० ऑगस्ट
डावऱ्या चाळिसाव्या मिनिटाला मांडी धरून खाली बसला. स्ट्रेचरवरून गेला. दोन महिने बाहेर.

ते इस्त्रीवाले गृहस्थ आज पुन्हा दिसले. शाळेत नव्हे, माझ्या खोलीच्या दारात. सोबत बायको आणि घरमालक. बाई खिडकी उघडून ओटा बघत होती. घरमालक माझ्याकडे न बघता म्हणाला, सर, तुमी ऱ्हावा हो तवर. तवर म्हणजे कधीपर्यंत ते विचारायचं राहिलं.

बहुधा वरची खोली बघायला आले असावेत. वरती खोली नाही, हे नंतर लक्षात आलं.

४ सप्टेंबर
टिटवी आता रोज येते. विजयमाला मॅडमनी माझ्या वर्गाच्या कपाटाची किल्ली मागून घेतली. म्हणाल्या, असू द्या माझ्याजवळ. कानिफनाथ डबा खायला माझ्याजवळ बसत नाहीत. डावऱ्या जखमी झाल्याची लाज वाटत असणार. मी मोठ्या मनाने सांगितलं, सर, ट्रेड म्हणजे ट्रेड. त्यांना ठसका लागला.

 

१० सप्टेंबर
निकिताने आमच्यासाठी मोठी खोली बघितली. पोरीने तिथल्या भिंतीवर माझा खिळा ठरवलाय, शर्ट अडकवायला. खालचाच ठरवला, म्हणजे तिचाही हात पुरेल.

पोर्टलकडून दुसरी ऑफर अजून नाही. ताणतायत. मीही ताणणार.

सारखं लॉगिन करून बघतो. 'आपला अर्ज स्वीकारला आहे.' एवढंच. 

१६ सप्टेंबर
आदेश आले.

कानिफनाथ: कर्जत, वस्तीवरची शाळा, तिसरी-चौथी.
मी: अकोले तालुका, भंडारदऱ्याच्या पलीकडे, डोंगरात. माझ्या पाचपैकी एकही जागा रिकामीच नव्हती, आणि केडगावची माझी जागा, तीही पोर्टलच्या यादीत होती, त्या इस्त्रीवाल्यांनी घेतली.

ऑफिसात फोन केला. विचारलं, दुसरी फेरी कधी? पलीकडून विचारलं, कसली?

निकिताला मीच सांगितलं. यादीत कर्जत नव्हतं हे सांगितलं. जागेचं कानिफनाथांना कुणी सांगितलं हेही सांगितलं, ती विचारतच होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, जेवून घ्या. आणि फोन ठेवला.

त्यातल्या त्यात, लीगमध्ये सातवा.

२७ सप्टेंबर
डोंगर. पाऊस. शाळा दोन खोल्यांची, पोरं गोड आहेत. रेंज फक्त धरणाच्या बाजूच्या एका खडकावर येते, तीही लहर लागली तर. इथून कर्जत म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. शनिवारी निघालं तर रविवारी तोंड दाखवून मागे फिरायचं.

टीम लावता येत नाही. गेल्या वेळची तशीच खेळते.

११ ऑक्टोबर
खडकावर रेंज आली. लीगमध्ये मी तिसरा. हात न लावता दोन आठवड्यांत तिसरा. मला आनंद झाला नाही, हे लिहून ठेवतो.

निकिताचा मेसेज एकच: पोरगी बरी हाय. फोटो नाही.

कानिफनाथ सरांचा मेसेज मोठा. सर, मला झोप लागत न्हाई. राजनंदिनी हुशार हाय, रोज मधल्या सुट्टीत माझ्या वर्गाच्या दारात येऊन बघती, मग जाती. तुमचा डावऱ्या मी परत घेतो, बदल्यात माझ्या टीममधलं काय बी मागा, समदे घेतले तरी चालतील.

पहिली ऑफर. लगेच हो म्हणायचं नाही.

त्यांची टीम उघडली. गोलकीपरपासून बेंचपर्यंत एकेक नाव वाचलं. मग वर जिथे खेळाडूचं नाव शोधतात तिथे मी 'कर्जत' असं टाइप केलं आणि वाट बघितली. बराच वेळ गोल गोल फिरत राहिलं.

'या नावाचा खेळाडू उपलब्ध नाही.'

मग रेंज गेली.