अमिराने भरल्या बैठकीत विचारलेला प्रश्न

अण्णा,

तुम्हाला जाऊन पस्तीसेक वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला पत्र लिहावं असं कधी मनात आलं नाही, आणि आज लिहायला बसले आहे ती शेजाऱ्यांमुळे. साउथहॅम्प्टनला आमच्या शेजारच्या घरात एक अरब गृहस्थ राहतात. बंदरावर इंजिनियर होते, आता रिटायर्ड, मी डॉक्टरकीतून झाले तसेच. त्यांचे आजोबा उंट घेऊन वाळवंटात फिरणारे बदू, आणि हे रोज सकाळी टाय बांधून पेपर आणायला जातात. पहिल्यांदा त्यांच्याकडे कॉफीला गेले तेव्हा त्यांच्या पत्नी त्या इवल्याशा, बिनकानाच्या कपात पुन्हा पुन्हा ओतत राहिल्या. शेवटी माझ्या हातानं आपसूक कप दोन बोटांत धरून हलवला. ते एकदम पुढे सरकले. "हे तुम्हाला कोणी शिकवलं?" म्हटलं, "माझ्या वडिलांनी. मिरजेला." बिचाऱ्यांना मिरज कुठे ठाऊक असणार, पण खूप हसले.

मिरजेचं आपलं स्वयंपाकघर मला तेव्हा जसंच्या तसं दिसलं. रविवारी सकाळी चुलीजवळची जागा तुमची. तुम्ही धोतराचा सोगा खोचून कॉफी उकळता आहात, बिनदुधाची, वेलदोडे घालून, आणि आई म्हणते आहे, "काढा प्यायची हौस काय ही!" कप हलवलात की ती चिडायची. "तोंडानं नको म्हणा की! इथे कोण शेख बसलेत?" असल्याच एका रविवारी मी पाटावर बसून शाळेचा धडा मोठ्यानं वाचत होते. 'वाळवंटातील टोळ्या रानटी व लुटारू असतात.' तुम्ही विचारलंत, "कोण म्हणतं?" मी म्हटलं, "पुस्तकात आहे." "लिहिणारा त्यांच्या तंबूत जेवलाय का कधी?" आवाज चढवला नव्हता तुम्ही, पण माझे कान गरम झाले. जे पाहिलं नाही ते असं ठणकावून वाचायचं नाही, म्हणालात. मग माझ्यापुढे कप सरकवलात आणि ती गोष्ट सांगितलीत. आईसुद्धा विळी बाजूला सारून ऐकत बसली.

त्या गोष्टीत तुम्ही तिशीच्या आतले. आखाताच्या किनाऱ्यावर इंग्रजांच्या कचेरीचा दवाखाना होता, तिथे डॉक्टर. आत वाळवंटात एका अमिराचं राज्य. राज्य म्हणजे काय, तर विहिरी, आणि त्या विहिरींवर येणाऱ्या टोळ्यांनी त्याला दिलेला शब्द. शब्द फिरला की राज्य तेवढं लहान. म्हणून लढाईत हरवलेल्या टोळीच्या शेखला तो मारत नसे. स्वतःशेजारी बसवायचा, आपल्या ताटातलं मांस त्याच्यापुढे सारायचा, त्याची लेक आपल्या घरात करून घ्यायचा. पाहुणाच म्हणायचे त्याला. फक्त घरी जायची मुभा नसे. अशाच एका पाहुण्याच्या मांडीत गोळी राहिली होती, म्हणून अमिरानं तुम्हाला बोलावून घेतलं. किनाऱ्यापासून कितीतरी दिवस उंटावर. एक उंटवाला तुम्हाला घेऊन गेला, वाटेत राखेत भाकरी भाजून द्यायचा आणि रात्रभर गायचा. "सूर असा की आपल्याकडच्या भजन्यांनी पाया पडावं," तुम्ही म्हणालात. शेखची जखम भरायला दोन महिने लागले. तेवढ्या काळात त्यानं तुम्हाला आपल्या एकूणएक उंटांची कुळी सांगितली.

मग तो दिवस. मातीच्या भिंतींची लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना माणसं. अमिराचे चुलते, भाऊ, इतर टोळ्यांचे म्होरके, आणि अमिराशेजारी तो शेख. पावसाळी हिरवळीवर टोळ्या निघायची वेळ आली होती. शेख परत गेला नाही तर त्याचा धाकटा भाऊ, जो अमिराच्या मुठीत होता, टोळीचा प्रमुख होणार, हे तिथे पोराटोरांनाही माहीत. अमिरानं मोठ्यानं विचारलं, "हकीम, आमच्या पाहुण्याला अजून प्रवास झेपणार नाही, हो ना?" प्रश्नातच उत्तर होतं, असं तुम्ही आम्हाला म्हणालात. कॉफी ओतणाऱ्याचा हात थांबला होता. तुम्ही म्हणालात, "झेपेल. काल ते उंटावर फिरून आले." सांगताना तुम्ही आपल्या गुडघ्यांवर हात ठेवलेत. "मांडी घालून बसलो होतो म्हणून बरं, नाहीतर पाय कापताना दिसले असते सगळ्यांना." अमिरानं शेजारच्या शेखकडे पाहिलं. मग म्हणाला, "हकीम म्हणतो तर झेपेल," आणि शेखचा उंट तयार करायला सांगितला. तुमच्याकडे पुन्हा पाहिलं नाही. पुन्हा कधी बोलावलंही नाही. कचेरीतले साहेब म्हणाले, तुम्ही सरकारच्या मित्राला दुखावलंत, आणि वर्षाच्या आत तुम्हाला हिंदुस्थानात परत धाडलं.

गोष्ट तिथे संपली असती तर तुम्ही ती हसत सांगितली असती. पण शेख गेला तो सरळ दुसऱ्या राज्यकर्त्याला जाऊन मिळाला, आणि त्याच्या माणसांनी अमिराचा एक काफिला कापला. त्यात तुमचा उंटवाला होता. "मी खरं बोललो आणि तो मेला," तुम्ही म्हणालात. मी विचारलं, "मग खोटं बोलायला हवं होतं का, अण्णा?" तुम्ही चुलीतलं लाकूड मागे ओढलंत. "कॉफी निवली बघ तुझी." तुमच्या शेवटच्या आजारपणात मी इथून रजा काढून आले, तेव्हा तुम्ही ग्लानीत अरबीत काहीतरी पुटपुटत होता. आई म्हणाली, "त्या उंटवाल्याशीच बोलताहेत. कालपासून चाललंय."

गेल्या महिन्यात शेजाऱ्यांकडे बसले होते. टीव्हीवर रोजच्यासारखं इराक. कोणी तज्ज्ञ सांगत होता की या टोळ्यांना फक्त बंदुकीची भाषा कळते. शेजाऱ्यांनी आवाज बंद केला. मला काय वाटलं कोण जाणे, मी तुमची गोष्ट सांगितली. सगळी ऐकून घेऊन त्यांनी एकच विचारलं.

"प्रश्न बैठकीत विचारला? सगळ्यांसमोर?"

"हो."

"मग डॉक्टर, अमिराला त्या शेखला सोडायचंच होतं."

हातातला कप मी खाली ठेवला. ते म्हणाले, "खोटं हवं असतं तर तुमच्या वडिलांना आदल्या दिवशी एकट्याला गाठलं नसतं का? पाहुणा कायमचा अडकवला, तर बाकीच्या टोळ्या म्हणणार, याच्या घरची भाकरी म्हणजे तुरुंग. सोडला, तर चुलते म्हणणार, हा मऊ पडला. तेव्हा सोडायचं, पण दुसऱ्याच्या तोंडून. कुठल्याच टोळीचा नसलेला माणूस हवा, आणि खोटं न बोलणारा. दोन महिने तो तुमच्या वडिलांना पाहत होता."

"मग पुन्हा बोलावलं का नाही त्यांना?"

"रागावल्याचं दाखवायला नको?" मग म्हणाले, "मी तिथे नव्हतो, माझं चुकतही असेल. पण आमच्यात पाहुणा सोडल्याच्या असल्या गोष्टी पुष्कळ सांगतात. त्यात हकीम कधी नसतो. अमिराचं मोठं मन तेवढं असतं."

घरी आले आणि कोट न काढता जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. तुम्ही चाळीस वर्षं त्या उंटवाल्याचं मरण अंगावर वागवलंत, अण्णा, आणि निर्णय कदाचित तुमचा नव्हताच. तुम्ही असता तर तशीच फोनकडे धावले असते. मग वाटलं, ऐकून तुम्हाला हायसं वाटलं असतं का? त्या उत्तराचं दुःख होतं तुम्हाला, पण ते सांगताना तुमची मान कशी ताठ व्हायची तेही मी पाहिलं आहे. ओझं काढून घेताना मला तेही काढून घ्यावं लागलं असतं. अमिराचा डाव तुम्हाला ठाऊक नव्हता, कापणारे पाय तुमचेच होते, असं मी तुम्हाला समजावलं असतं. तुम्ही हं म्हणाला असता आणि कॉफीचं काहीतरी काढलं असतं.

या शनिवारी लंडनच्या एजवेअरहून नात आली होती. नऊ वर्षांची आहे. तिला गोष्ट सांगितली. "मग पणजोबाला भीती वाटला नाही?" तिनं आपल्या मोडक्या मराठीत विचारलं. म्हटलं, खूप वाटली. "पण त्यांनीच सोडवलं ना त्याला?" मी हो म्हटलं. शेजाऱ्यांचं म्हणणं तिला सांगायचं राहिलं असं नाही, मी सांगितलंच नाही. ते पटलंय मला, अण्णा. तरी तुम्हीच सोडवलंत असं म्हणायला मला आवडतं.