चेण्याला जाणारी गाडी

गोडदेव, ९ डिसेंबर २०२४

दादा, जय भीम.

आज सकाळी आमच्या बसला ब्रेक लागला आणि इंदुबाई दांड्यावर आपटल्या. चेण्याच्या फाट्यावर तुझी रिक्षा आडवी होती, मागे आणखी चार. मी खाली उतरले तेव्हा तुमच्यातलंच कुणीतरी ओरडलं, "कोंडिराम, बहीण आली बघ कंडक्टरीण! हिला फुकट सोडायची का?" सगळे हसले. तू हसला नाहीस. माझ्याकडे बघितलंही नाहीस.

इंदुबाईंचं मनगट मोडलं. चेण्यातल्या अमृतशेठची आई ती, त्याचा वचक तुला ठाऊक आहे. हॉस्पिटलात नेताना म्हणाल्या, "दारात दोन मोटारी हायेत गो, पन मला न्यायला कोनाला येळ न्हाय. तुजी बस आली तवा मी एकटी भायंदरला गेले. बारा वर्षांनी." मग हळूच, "तुजा भाव ना तो? मी अमृतला सांगनार न्हाय."

प्रितमचा खोकला कमी आहे का? पोरगं आत्याची वाट बघतं, असं वहिनी मागे म्हणाली होती.

बस सुरू झाल्यापासून तीन सीट भरायला तुला अर्धा तास लागतो, हे मला दिसतं. रोज तुझ्या समोरूनच जाते मी. त्याच रिक्षावर तू मला पंधरावीपर्यंत शिकवलंस.

आमचा ड्रायव्हर लवू म्हणाला, "मॅडम, अनोळखी इसम लिहा, विषय संपवा." मी तसंच लिहिलं. अहवाल वाचून डेपोतले साहेब म्हणाले, "नाव नाही, तर कारवाई कुणावर करू? मग रस्ता धोक्याचा म्हणून गाडी चेण्याला न नेता काशीगावातूनच परत वळवतो. नाव असेल तर सकाळपर्यंत सांगा."

म्हणजे तुला हवं होतं तेच झालं असतं. मी फक्त गप्प बसायचं होतं.

दुपारभर कागद समोर ठेवून बसले. मग ते दोन शब्द खोडले आणि तुझं नाव लिहिलं. रिक्षाचा नंबर पाठ आहे, तोही लिहिला. परमिट जाईल कदाचित. फोन तू उचलत नाहीस. हे दुसऱ्या कुणाकडून तुला कळू नये.

तूच वाढवलेली,
संघप्रिया

ता.क. १० डिसेंबर. सव्वासहाला दुरुस्त केलेला अहवाल साहेबांना दिला. पावणेसातची गाडी फाट्यावर न अडता चेण्यापर्यंत गेली. तुझी रिक्षा स्टँडवर नव्हती. नीलमवहिनी कामावर जायला काशीगावातून बसमध्ये चढली. चेण्याचं एक तिकीट मागितलं. मी दिलं. तिने सुटे पैसे मोजून दिले आणि पुढे खिडकीशी जाऊन बसली.