छोट्या टाकीतले डिझेल

देवाला साक्षी ठेवून, पूर्ण शुद्धीत आणि कोणी भरीस घातलेले नसताना मी, आनासेइनी ताकायावा, वय एकाहत्तर, राहणार वानुआ बालावू बेट, फिजी, माझ्या मागे काय व्हावे ते लिहून ठेवते.

एक. घर मुलगा पेनाया याला. पत्रा गळतो. नवा घेऊ नये, डांबराने भागते.

दोन. तेलाची पिंपे, नरसाळे व माझ्या परकराचे गाळणे त्यालाच. हॉटेलातले तळणीचे तेल आणि घरचे खोबरेल मी त्यातून गाळत असे. त्यावर माझे यजमान इलिएसा यांची बोट चाले. धुराला तळणीचा वास. बोट दिसण्याआधी वास घरात येई आणि मी त्यांचे ताट वाढायला घेई.

तीन. दीर तेविता यांना इलिएसांचे जाळे, आणि खरे काय ते. एकोणीस वर्षे ते गावाला सांगतात, "दादा यंगोना पिऊन सुस्त होता, डिझेल भरायचं विसरला." मी त्यांच्याशी बोलणे टाकले, पण हे खोटे आहे, असे कधी म्हटले नाही.

डिझेलची छोटी टाकी मी उपसली. इंजिन डिझेलवर सुरू करायचे, तापले की मोठ्या टाकीतल्या तेलावर घ्यायचे आणि बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर, म्हणजे नळ्या धुऊन निघतात. नाहीतर गार वाऱ्यात तेल आतच थिजते. मी म्हणे, "बाळंतिणीसारखं जपता त्याला." ते म्हणत, "अगं, तेलाला थंडी वाजते. निजण्याआधी दोन घोट डिझेल लागतंच."

त्या जुलैत चर्चच्या जनरेटरला डिझेल कमी पडले. छोट्या टाकीत सुरू होण्यापुरते ठेवून बाकीचे मी काढून दिले. तेलावर चालतेच आहे, मग कशाला, असे वाटले. टाकी रोज मीच भरत असे, म्हणून त्यांनी झाकण उघडून पाहिले नाही. भरतीची वाट पाहत खडकांबाहेर त्यांनी इंजिन बंद केले असणार. नळ्या धुवायला डिझेल उरलेच नव्हते. बोट खडकावर सापडली. नळ्यांत तेल मेणासारखे पांढरे. ते सापडले नाहीत.

हे कलम तेवितांनी चर्चमध्ये उभे राहून मोठ्याने वाचावा. जाळे त्यानंतरच द्यावे.

चार. दर जुलैत तो वास खडकांपर्यंत येतो. आत येत नाही. म्हणून माझ्या शवपेटीत बायबलऐवजी डिझेलचा भरलेला डबा ठेवावा. बायबल मला पाठ आहे. पाद्रीबाबांनी हरकत घेऊ नये. चर्चने नेले तेवढेच परत मागते.

आज गावाचा उपवास आहे, एकही चूल पेटलेली नाही. मी हे साक्षीदारांना वाचून दाखवत असताना नर्सबाई मध्येच म्हणाली, "काकू, आज कोण तळतंय?" पाद्रीबाबांनी उठून खिडकी लावली. तरी वास वाढतोच आहे.

दोघांनाही म्हटले, लवकर सह्या करा. मला ताट वाढायचे आहे.

साक्षीदार:
१. सेमी वाकातोरा, पाद्री
२. लोसालिनी नाईवालू, नर्स

सही: आनासेइनी ताकायावा
वानुआ बालावू, बुधवार, १२ जुलै २०२३