नांगरदरीचा वजनकाटा

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

आले बाई एकदाची छत्रपती संभाजीनगरला. पुण्यात आई रडली. जणू मी काळ्या पाण्यावर निघाले होते! खरं सांगायचं तर गाव बरं आहे. सिडकोतली खोली ऐसपैस आहे, दोन खिडक्या, खाली घरमालकीण अंबिकाकाकू. पहिल्याच संध्याकाळी त्या गुलमंडीवरची गरम इम्रती घेऊन वर आल्या. मी तीन खाल्ल्या. त्या बघतच राहिल्या.

नोकरीही झकास. जिल्हा पोषण आराखडा कक्षात संनियंत्रण समन्वयक. अंगणवाड्यांमधून लहान मुलांची वजनं दर महिन्याला येतात. वजन ठीक असेल तर नाव हिरवं, कमी असेल तर पिवळं, फारच कमी असेल तर लाल. लाल मुलाला पोषण केंद्रात भरती करायचं. त्यावरून मी पुढचा आराखडा करायचा. एवढ्यासाठी यांना पुण्याची माणसं लागतात, यातच काय ते आलं.

रुजू होताना वैद्यकीय तपासणी झाली. वजन ६४.२ किलो. नर्सबाई म्हणाल्या, थोडं उतरवा. उतरवेन सावकाश, खात्यापित्या घरची आहे मी.

टेबलाच्या खणात आधीच्या समन्वयकाचा पट्टा सापडला. श्रीनिवास नावाचे कुणी होते, मार्चमध्ये न सांगतासवरता निघून गेले. पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली ओळीनं सतरा भोकं, शेवटचं तर पार बकलापाशी. आकडे भरणारा सुयश म्हणाला, साहेब डाएट करत असतील. काय एकेक नमुने असतात. पट्टा केराच्या टोपलीत टाकला.

७ ऑगस्ट, गुरुवार

पहिला दौरा. कडूबा नावाचा ड्रायव्हर आहे, रस्ताभर बोलतो. चिकलठाण्याला आता जमिनीचे काय भाव आहेत, सिल्लोडला मिरची किती उतरली, सगळं मला ऐकावं लागलं. सिल्लोडच्या अलीकडे आत वळून नांगरदरी. तिथली सेविका साळूबाई, सव्वीस वर्षं त्याच अंगणवाडीत. भिंतीवर भाज्यांची चित्रं, त्यातलं गाजर निळं. दारात पोषण अभियानाची धान्याची रांगोळी. मुलांच्या पोटात जायचं ते जमिनीवर! वा रे अभियान!

नवा इलेक्ट्रॉनिक काटा खोक्यातच. का, तर म्हणे त्याच्यावर भरवसा नाही. आढ्याच्या कडीला जुना, तबकडीचा काटा टांगलाय, खाली कापडी झोळी. त्यात पोरं रडत लोंबकळतात आणि बाई आकडा लिहितात. आणि सगळ्यांत कहर म्हणजे वजनं संपल्यावर साळूबाईंनी मूठभर ज्वारी रिकाम्या झोळीत टाकली. विचारलं तर म्हणाल्या, रिकामा पाळणा हलवत नाहीत तशी रिकामी झोळी टांगत नाहीत. सव्वीस वर्षं सरकारी मानधन घेऊन ही अक्कल. मी सगळ्यांसमोर झोळी उलटी केली. ज्वारी कोंबड्यांनी टिपली.

एक लाल मूल निघालं. प्रेरणा, चौदा महिने, ६.१ किलो. मांड्यांची कातडी सैल लोंबत होती. रडायचंही त्राण नव्हतं, नुसती बघत होती. आई विशाखा दिवसभर मिरची तोडायला जाते. यांना मुलं होतात, सांभाळायला मात्र सरकार.

निघताना साळूबाई जीपपाशी आल्या.

"मॅडम, वजन खरं लिव्हा. त्या काट्याला खोटं चालत नाय. वाढवून लिव्हलं तर वाढीव तेवढं लिव्हणाऱ्याच्या अंगातून काढून घेतो त्यो."

कडूबानं लगेच मान डोलावली. दोघांनाही हात जोडले मी. कोपरापासून!

१८ ऑगस्ट, सोमवार

उद्या आढावा बैठक. माझ्या वाट्याच्या अंगणवाड्यांत बत्तीस लाल. मोठ्या साहेबांनी बोलावून विचारलं, नवीन माणूस आणला तो लाल वाढवायला का? मी काय समजायचं ते समजले. बत्तीस मुलं भरती करायची म्हणजे बत्तीस आया पोषण केंद्रात पंधरा-पंधरा दिवस, बत्तीस गाड्या, बत्तीस रडगाणी. त्यापेक्षा चहा आणि दोन समोसे मागवले आणि बसल्या जागी प्रत्येकाचे दोन किलो वाढवले. प्रेरणाच्या ६.१ मधला सहा काढून आठ केला. यादी हिरवीगार झाली. पंधरा मिनिटं लागली.

दोन किलो म्हणजे काय हो? एक कलिंगड. पुढच्या महिन्यात वाढतीलच की पोरं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

बैठकीत टाळ्या मिळाल्या. साहेब म्हणाले, याला म्हणतात नियोजन.

आज पोळा. अंबिकाकाकूंनी पुरणपोळ्या दिल्या, पाच खाल्ल्या. तरी सकाळी कुर्ता सैल लागला. हात धुताना अंगठी बेसिनमध्ये पडली. हवा मानवली म्हणायची, न करता उतरतंय! नर्सबाईंना कळवायला हवं.

२ सप्टेंबर, मंगळवार

साळूबाईंचा फोन. विशाखा प्रेरणाला घेऊन पोषण केंद्रात गेली होती, तिथून परत पाठवलं. नोंद हिरवी आहे, हिरव्याला भरती करत नाहीत म्हणे. पोर पाणीसुद्धा पीत नाही, काहीतरी करा, म्हणत होत्या. मी म्हटलं, घरी नेण्याचा आहार दिलाय ना, तो शिजवून घाला. प्रत्येक गोष्टीला मॅडम! फोन ठेवला.

काल गौरीच्या जेवणाला काकूंकडे गेले. सोळा भाज्या, चार पोळ्या, वर घारगे. घरी आल्यावर सलवारीची नाडी दोनदा गुंडाळून बांधावी लागली. गळ्याखालची हाडं वर आलीत. आज ऑफिसातल्या काट्यावर उभी राहिले. ६४.२. बघा, काही झालेलं नाही. उगाच मनाचे खेळ.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज नांगरदरीत सप्टेंबरची वजनं. प्रेरणाला झोळीत ठेवलं. ८.१. त्याच जुन्या काट्यावर. मी स्वतः बघितलं, बोटानं तबकडी टिचकावून बघितलं. मांड्या भरल्यात, गाल आलेत, काटा खेळणं समजून ओढते. केंद्रात भरती नाही, औषध नाही. गुरुवारी पोर अचानक भाकरी मागायला लागली म्हणे. विशाखा माझ्या पाया पडली. वास्तविक मला बरं वाटायला हवं होतं.

साळूबाई पोरीकडे बघतच नव्हत्या. माझ्या मनगटाकडे बघत होत्या. मी ओढणी पुढे घेतली.

मग त्यांनी कोपऱ्यात बसवून सगळं सांगितलं. श्रीनिवास साहेबांनीही अशीच लेकरं हिरवी केली होती. ती सगळी आता धडधाकट आहेत, त्यातली दोन अंगणात खेळत होती, ती दाखवली. साहेब वाळत गेले. शेवटी मार्चमध्ये इथंच आले, वाढवलेले आकडे परत उतरवायला. परत गेले का, असं मी विचारलं. साळूबाईंनी झोळीकडे बघितलं. मूठभर ज्वारी टाकली आणि म्हणाल्या, "त्यांच्यासाठी टाकते. भूक तर असंल ना."

ज्वारी पडल्यावर झोळी हलली. वारा असेल.

भंपक बाई. परत येताना जीपमध्ये गुणाकार केला. बत्तीस दुणे चौसष्ट. माझे चौसष्ट पूर्णांक दोन. उरतात दोनशे ग्रॅम. मी शिकलेली बाई आहे आणि कडूबाच्या जीपमध्ये बसून असले हिशेब करते आहे.

१६ सप्टेंबर, मंगळवार

डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांच्या काट्यावरही ६४.२. मी बाही वर करून दंड दाखवला, त्याला नुसतं हाड आहे. त्यांनी दंडाकडे नाही, आकड्याकडे बघितलं. वजन उत्तम आहे, ताण घेऊ नका, म्हणाले. मी रडले. त्यांनी पुढच्या पेशंटला आत घेतलं.

पोषण केंद्रातही असंच बोलले असतील. नोंद हिरवी आहे. न्या परत.

खाते सारखी. भाकरी, शेंगदाणे, काकूंचा अख्खा डबा. पोटात जातं आणि कुठंतरी निघून जातं. कुठं ते मला माहीत आहे. बत्तीस ठिकाणी.

२४ सप्टेंबर, बुधवार

बांगडी कोपरावरून खांद्यापर्यंत जाते. गच्चीवर कपडे वाळत घालताना वारा आला. दोरी धरून राहिले. दोरी सोडली असती तर –

आज कडूबा जीपपाशी ताटकळत उभा. मी केव्हाची मागे बसले होते. दार उघडून म्हणाला, मॅडम, तुम्ही बसलात का अजून बसायच्यात? सीट दबली नव्हती.

त्याला हसले असते एरवी.

२९ सप्टेंबर, सोमवार

साहेबांनी फलक छापलाय. 'शून्य लाल.' बत्तीस मुलांचे फोटो. गुबगुबीत. खाली माझं नाव. सत्कारालाही बोलावलंय. सुयश माझ्याशी बोलताना माझ्या मागच्या भिंतीकडे बघतो.

ठरलं. वाढवलेले आकडे परत उतरवायचे. एकदा पक्की झाली की नोंद महिना संपल्याशिवाय उघडत नाही, उघडते तीही त्याच अंगणवाडीत उभं राहून. १ तारखेला नांगरदरीपासून सुरुवात. माझं वजन आहे ते. माझ्या आईनं तूप घालून वाढवलेलं. या गावंढळ पोरांनी फुकट –

प्रेरणा ६.१ ची होती. ६.१ ची होईल. मी तिचं काहीच घेत नाही. जिथं होती तिथं ठेवते.

पाणी पीत नव्हती, म्हणाल्या होत्या.

माझा काय दोष? – असेल. दोष आहे. पण मला मरायचं नाही.

३० सप्टेंबर

पट्टा मीच केरात टाकला. सतरा भोकं होती. मोजून पाडली असणार त्यानं. एकट्यानं, त्या टेबलापाशी बसून. कुणाला सांगितलं असेल का? मी तरी ऐकलं असतं का?

कडूबा सकाळी सातला येणार. खिशात दगड भरून ठेवलेत.

१ ऑक्टोबर, दुपार

पोचले. कडूबानं दारापासून कडेवर घेतलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. कडूबाच्या.

साळूबाईंना सगळं सांगितलं. मी केलं, मी बत्तीस खोटे आकडे लिहिले. त्या म्हणाल्या, ठावं हाय. नोंद उघडून दिली. पुढं मात्र, "तुम्हीच दाबा, मॅडम. लेकराच्या अंगातलं दोन किलो म्या माझ्या हातानं काढणार नाय."

बोट स्क्रीनवर उमटत नाही. चार वेळा. पाच –

उमटलं. ८.१ गेलं. रिकामी चौकट. सहा लिहायचं. नुसतं सहा.

प्रेरणा समोर आलीय. चालते आता. हातात भाकरीचा तुकडा, निम्मा चावलेला. माझ्या तोंडाशी धरते. कार्टी माझ्यावर पोसली आणि मलाच घास –

खाल्ला.

लाज वाटली. फार. पहिल्यांदाच.

८.१ लिहिलं. आता ते खरं आहे. माझ्या हातानं लिहिलेला पहिला खरा –

खिशातले दगड पडले. जमीन पायाला लागत नाही. साळूबाईंनी धरलं. एका हातानं. दाराकडून वारा येतोय, म्हणून झोळीत ठेवते म्हणाल्या. पेन्सिल जड –

कापड थंड आहे. इथं कुणीतरी आहे. बाजूला. सरकून जागा केली –

तबकडी दिसते. काटा शून्यावर. मी आत आहे आणि काटा शून्यावर.

साळूबाईंनी ज्वारीची मूठ आमच्या पायाशी टाकली. काटा हलला. ज्वारीनं. माझ्यानं नाही, ज्वा