छगन-१४ ज्वारीच्या तीन किलो चारशे ग्रॅम बियाण्याबद्दल

माझ्या हातांनी केलेल्या वस्तू आधी लिहितो, म्हणजे पुढे "हे कोणाचे?" असे कोणी विचारायला नको.

एक. डीएनएच्या प्रती काढण्याचे यंत्र. पाण्याचे तीन डबे, ९४, ५५ आणि ७२ अंशांचे, आणि नळ्या एका डब्यातून उचलून दुसऱ्यात बुडवणारा लोखंडी हात. हाताला जुन्या गाडीच्या वायपरची मोटर आहे.

दोन. मिक्सरच्या मोटरवर नळ्या गरगर फिरवणारी चकती. ही दुसरी. पहिलीचे काय झाले ते कलम ३ मध्ये येईल.

तीन. जेलची पेटी, डीएनएचे तुकडे विजेवर लांबीप्रमाणे वेगळे करणारी. दुकानांच्या पाट्या करणाऱ्याकडचे ॲक्रिलिक वापरले. एकदाही गळलेली नाही.

चार. पिक्रेटच्या कागदी पट्ट्या, आजवर अकरा हजार दोनशे. कोवळे पान चुरून बाटलीत घालायचे, आत ही पिवळी पट्टी लटकवायची आणि बूच लावायचे. पानात विष असेल तर पट्टी विटेसारखी लाल होते.

पाच. असोदे येथील घराची मागची खोली, जिथे वरील सगळे चालते.

सहा. ज्वारीचा एक वाण, छगन-१४. याचे कोवळे पोंगे खाऊन गुरे मरत नाहीत. चौदा हंगाम लागले.

सात. मुलगी मोनाली. मार्क तिला शाळेने दिले, पट्टी वाचायला मी शिकवले.

मी छगन नथ्थू बडगुजर, वय ५६, धंदा यंत्रदुरुस्ती, शिक्षण नववी आणि पुढचे स्वतः, राहणार असोदे, तालुका व जिल्हा जळगाव, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. यकृतावर गाठ आहे, डोक्यावर नाही. कोणी धाक घातलेला नाही; घालणारा अजून जन्मायचा आहे. नशापाणी मी करत नाही. पूर्वी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्याशिवाय या कागदाला कवडीची किंमत नाही असे वकील म्हणाले, म्हणून साक्षीदार दोन बोलावले आहेत. व्यवस्थापक म्हणून धरणगावचे बियाणे-दुकानदार दलिचंदशेठ यांना नेमतो. ते वजनात फसवत नाहीत. बाकी कशात फसवतात ते मला माहीत आहे आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे.

कलम १. घर पत्नी ललिता हिला तिच्या हयातीपर्यंत. मागची खोली तिने भाड्याने देऊ नये आणि तिथे पापड वाळवू नयेत. लग्नाला तीस वर्षे झाली, त्यातली वीस ती म्हणत आली, "तुम्ही मरी ग्यात तरी पट्टीच दखत राहशात." तिचे हे एक भाकीत चुकवण्याची माझी इच्छा आहे. चिता पेटल्यावर पट्ट्यांचा शेवटचा डबा तिच्याच हाताने आत टाकावा.

कलम २. पिक्रिक आम्लाची बाटली कोणालाही दिलेली नाही. ते आम्ल कोरडे पडले तर नुसते झाकण फिरवल्यानेही स्फोट होतो. बाटली धुळ्याच्या प्रयोगशाळेतील डॉ. विधी धाडीवाल यांच्या नावाने पार्सल करावी असे मनात आले होते. केले नाही. बाटलीत पाणी घातलेले आहे आणि दर महिन्याला घालावे. तेवढी माणुसकी ठेवली आहे.

कलम ३. मुलगा बबलू याने पहिली चकती २०१६ साली भंगारवाल्याला विकली. "नाना, मला वाटलं जुना मिक्सर आहे." त्याला त्याच भंगारवाल्याच्या तराजूची पावती देत आहे. पावती माझ्या पाकिटात नऊ वर्षे जपली आहे. याव्यतिरिक्त काही नाही. मिक्सर चालू आहे, तो आईचा.

कलम ४. आता बियाणे. हे नीट वाचावे.

१९८३ साली मी नववीत होतो. धुळे तालुक्यातील आमच्या गावी पावसाने उघडीप दिली होती आणि पोळ्याला आठ दिवस होते. वडिलांनी बैल सोडायला सांगितले, मी सोडले. ते कोवळ्या, सुकत चाललेल्या ज्वारीत शिरले. अर्ध्या तासात दोन्ही आडवे. वडील गावासमोर म्हणाले, "मन्हा बैल तूच मारात." माझी शाळा त्याच दिवशी सुटली. पोळ्याला आमच्या दारात रिकामी दावी होती आणि वडिलांनी मला त्या दाव्यांना नैवेद्य दाखवायला लावले. तेव्हा मी ठरवले की बैल कोणी मारले ते एक दिवस कागदावर दाखवायचे.

पुढे धुळ्यात रेडिओ-टीव्हीची दुरुस्ती शिकलो, मग प्रयोगशाळांची यंत्रे. यंत्र दुरुस्त करताना शेजारी पडलेली पुस्तके वाचत गेलो. साहेब लोक चहाला गेले की मी वाचायचो. ते चहाला फार जातात. ज्वारी ते विष स्वतः बनवते, पेशीत, पायरीपायरीने, आणि प्रत्येक पायरीला एक प्रथिन लागते. पहिल्याच पायरीचे प्रथिन लंगडे असले तर पुढे विष तयारच होत नाही. असे झाड कुठेतरी असलेच पाहिजे असे मी वहीत लिहिले. वही क्रमांक ३, पान ४०.

ते झाड २०११ साली रावेरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावर सापडले. मी पिठाची चक्की दुरुस्त करायला गेलो होतो. उघडीप होती आणि मोगराबाई पुन्या पावरा हिच्या शेळ्या कोवळ्या ज्वारीत चरत होत्या. मी धावलो. ती हसली. "खाऊ दे ना भाऊ, हाई आमनी ज्वारी शे, शेळीले मारत नई." त्या हंगामात मी तिच्याकडून पाच कणसे घेतली आणि वीस रुपये दिले. तिने मागितले नव्हते, मी दिले. तो व्यवहार तिथे संपला.

तिची ज्वारी उंच, लोळणारी, दाणा बारीक. ती आमच्या देशी दगडी ज्वारीशी जुळवून, चौदा हंगाम निवडून, प्रत्येक रोपाची पट्टी घेऊन मी छगन-१४ केली. सध्या तिचे तीन किलो चारशे ग्रॅम बी स्टीलच्या डब्यात, कडुनिंबाच्या पाल्यात आहे. जगात एवढेच आहे. धुळ्याच्या प्रयोगशाळेला दिलेले साठ दाणे संपले, हे मोनालीनेच मला सांगितले.

कलम ५. मोनालीला एम.एस्सी.पर्यंत मी शिकवले. पुढे ती डॉ. विधी यांच्याकडे पीएच.डी.ला लागली आणि २०२३ साली माझ्या एकतीस वह्यांच्या झेरॉक्स तिने मॅडमच्या टेबलावर ठेवल्या. मॅडम स्वतः घरी आल्या, या खोलीत उभ्या राहिल्या, वायपरची मोटर पाहून हसल्या आणि म्हणाल्या, "नाना, शिक्षणाच्या रकान्यात काय लिहू?"

"नववी. पुढचं स्वतः."

"तसा रकाना नसतो हो."

शोधनिबंध निघाला. लेखक पाच, त्यात मोनाली दुसरी. शेवटी बारीक अक्षरात, 'तांत्रिक साहाय्याबद्दल श्री. छगन यांचे आभार'. आडनावसुद्धा नाही. मोनाली म्हणाली, "नाना, पुढच्या वेळी करू ना." मी तिला विचारले, बैल पुढच्या वेळी मरतात का.

त्या निबंधातला तक्ता २ चुकलेला आहे. रोपाचे वय मी उगवणीपासून मोजतो, कारण विष उगवल्यावर तयार होते, पेरल्यावर नाही. माझ्या वह्यांत 'दिवस ७' म्हणजे उगवून सात दिवस, म्हणजे पेरून अकरा-बारा. मॅडमनी माझे आकडे उचलले आणि वर मथळा दिला, 'पेरणीनंतरचे दिवस'. शेजारी दुसऱ्या वाणांचे आकडे आहेत, ते खरोखर पेरणीपासूनचे. म्हणजे माझी मोठी रोपे आणि त्यांची तान्ही रोपे एका ओळीत बसवली. वय वाढते तसे विष उतरते. म्हणून फरक दिसतो तेवढा नाही. फरक आहे, आणि तो गुरे वाचवायला पुरतो; पण छापला तेवढा नाही.

छापण्यापूर्वी मोनालीने मला तो तक्ता दाखवला होता. "नाना, बरोबर आहे ना?" मी चष्मा लावून दोनदा वाचला आणि तिला सांगितले, "अक्षर छान आलंय."

तिची पीएच.डी. त्या तक्त्यावर उभी आहे. तो दुरुस्त करायचा तर छगन-१४ पुन्हा पेरून, उगवणीपासून दिवस मोजून, पट्ट्या नव्याने घ्याव्या लागतील. दुसरा मार्ग नाही.

कलम ६. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मोनाली माहेरी आली. झोका मी बांधून ठेवला होता. ती झोक्यावर बसली नाही, पिशवीतून एक कागद काढून बसली. त्या कागदावर काय होते ते इथे लिहिण्याची गरज नाही. मी नाही म्हणालो. तेव्हा ती रडत म्हणाली, "मग नुसतं बी द्या नाना, मूठभर द्या, माझं वर्ष वाया जाईल." तिला तक्त्यातली चूक तोवर सापडली होती. मी झोक्याच्या गाठी सोडल्या.

कलम ७. एकतीसही मूळ वह्या मोनालीला द्याव्यात. त्यांत खरा आकडा कोणत्या पानावर आहे ते तिला सापडेल. तेवढी हुशार मी तिला केली आहे.

बी देऊ नये. माझ्या उत्तरकार्याच्या सकाळी दलिचंदशेठनी डबा स्वतः उघडावा, वजन करावे, आणि सगळे तीन किलो चारशे ग्रॅम दळून आणावे. उडीद मिसळू नये. किलोला बारा या हिशेबाने चाळीस भाकरी होतील. पहिली भाकरी डॉ. विधी यांना, दुसरी मोनालीला वाढावी, आणि त्यांचे खाऊन झाल्याशिवाय पंगत उठवू नये. चव कशी आहे ते विचारावे. तसा रकाना नसला तरी विचारावे.

कलम ८. मोगराबाईचा मुलगा बादल पुन्या पावरा, रावेरहून केळीच्या गाड्या नेतो, हा अधूनमधून "आमनं बियाणं" असे शब्द वापरतो. साक्षीदाराला त्याच मृत्युपत्रातून काही देऊ नये, वाद होतो, असे वकील म्हणाले. म्हणून मुद्दाम त्यालाच साक्षीदार केले आहे.

हे मी स्वतः लिहिले, दोनदा तपासले, खाडाखोड नाही.

ठिकाण: असोदे, मागची खोली. दिनांक: १४ मे २०२५.

छगन नथ्थू बडगुजर (सही)

साक्षीदार १: दलिचंदशेठ, धरणगाव (सही)

साक्षीदार २: बादल पुन्या पावरा

पुरवणी, त्याच दिवशी, त्याच जागी.

दलिचंदशेठनी चष्मा खिशात ठेवूनच सही केली. बादल पहिल्या पानापासून वाचत बसला. मी म्हणालो, सह्या शेवटच्या पानावर आहेत. तो म्हणाला, "नाना, तुम्हीच सांगं व्हतं ना, वाच्याबिगर सही करानी नई." हे खरे आहे. केळीच्या गाडीच्या करारावर त्याने न वाचता सही केली होती, तेव्हा मीच त्याला चारचौघांत झापले होते.

कलम ८ वाचताना त्याने मान वर केली नाही. मग पुन्हा कलम ६ वर गेला.

"नाना, तुम्ही बठ्ठं लिखं. मिक्सरनी मोटर बी लिखी. आखाजीना कागदवर काय व्हतं, ते का बरं नई लिखं?"

"त्याची गरज नाही."

"मनी मायनं नाव व्हतं का त्यावर?"

दलिचंदशेठ म्हणाले, "अरे बादल, तू सही कर ना, तुला काय करायचंय." बादलने पेनाला टोपण लावले, पेन बियाण्याच्या डब्यावर ठेवले आणि तो ओट्यावर जाऊन बसला आहे. दुसऱ्या सहीची जागा कोरी आहे.

नोंद अर्धवट ठेवणे हे धाडीवाल मॅडमचे काम आहे, माझे नव्हे. विचारले आहे म्हणून लिहितो.

मोनालीने आणलेला आणि मी नाकारलेला प्रस्ताव असा. शोधनिबंध दुरुस्त करून पुन्हा छापायचा. माझे नाव पहिले, आडनावासह. वाणाची नोंदणी 'मोगरा-छगन' या नावाने. मूळ बियाणे मोगराबाई पुन्या पावरा यांचे, असे त्यात लिहायचे. सह्यांच्या जागा तीन: माझी, संस्थेची, आणि मोगराबाईचा अंगठा, माझ्या शेजारी. बियाणे कंपनीकडून एकरकमी अठरा लाख रुपये. त्यातले नऊ लाख माझे, नऊ लाख मोगराबाईचे.